तीस सेकंदांच्या आधी आणि नंतर

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या दूरचित्रवाणी केंद्राचे संचालक. व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या डॉक्टरीणबाई, ज्यांच्या लाल पेनाला आमचा अख्खा विभाग घाबरायचा. माझे आजी-माजी सहकारी. पहिल्या रांगेत बसलेली माझी ताई आणि तिच्या शेजारी माझी भाची. आणि बाजूच्या दारातून खोकी घेऊन चाललेले ते दोघे, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

तुमच्यातल्या चाळिशी ओलांडलेल्यांना एक संध्याकाळ आठवत असेल. अमुकच एक अशी नाही, कुठलीही. टीव्हीवर एकच वाहिनी. मालिका संपलेली, बातम्या सुरू व्हायच्या आहेत. आई कपड्यांच्या घड्या घालतेय, तुम्ही जमिनीवर पालथे पडून पाय हलवताय. पडद्यावर एक हात येतो, गॅसचं बटण फिरवून बंद करतो आणि एक बाई म्हणते, "झोपण्याआधी एकदा स्वयंपाकघरात जाऊन या." बास, एवढंच. आणि घरातलं कुणीतरी उठायचंच. गॅस बंद आहे हे पक्कं माहीत असलं तरी उठायचं. आमच्याकडे बाबा उठायचे. गंमत अशी, की तो आवाज त्यांच्याच थोरल्या मुलीचा होता. तीच मुलगी घरात तेच सांगायला गेली, की म्हणायचे, "तू मला शिकवू नकोस."

तो हात आणि तो आवाज आज पहिल्या रांगेत बसला आहे. ताई, टाळ्या तुझ्यासाठी आहेत. मान खाली घालू नकोस.

आज माझा निरोप समारंभ आहे, आणि माझ्याबरोबर लोकसेवा जाहिरातींच्या विभागाचाही. दोन निरोप एकाच हारात उरकले, ही केंद्राची काटकसर मला आवडली. अध्यक्ष मघाशी फार चांगलं बोलले. ते म्हणाले, "बाईंच्या सगळ्या जाहिराती आम्ही संगणकावर सुरक्षित ठेवल्या आहेत, आणि टेपांची खोली आज मोकळी होते आहे." खोली मोकळी होते आहे म्हणजे काय, ते मला इथून दिसतंय. मघापासून माझं लक्ष तुमच्यापेक्षा त्या दाराकडेच आहे, त्याबद्दल रागावू नका. खाली भंगारवाल्याची गाडी उभी आहे. तिचा चालक मघाशी जिन्यात भेटला. म्हणाला, "चारला निघतो, मॅडम." म्हणून मी जरा भरभर बोलणार आहे.

आमच्या कामाचा इतिहास सांगावा असा पत्रिकेत उल्लेख आहे. सांगते. सुरुवातीला आमच्या जाहिराती म्हणजे भोकं बुजवायची माती. एखादा कार्यक्रम अर्धा मिनिट लवकर संपला, की तिथे आम्हाला लावायचे. आधी तर चित्रही हलत नसे. एक पाटी, त्यावर काढलेला माठ किंवा रस्ता, आणि मागून कुणीतरी वाचतंय. माझी पहिली संहिता अशी होती, "पालकांनी आपल्या बालकांचे लसीकरण विहित वेळेत करून घ्यावे." मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. नन आम्हाला उत्तम शिस्त आणि उत्तम इंग्रजी द्यायच्या, मराठी मात्र घरून आणावं लागे. ताईने कागद वाचला आणि विचारलं, "हे कोण बोलतंय? नोटीस बोर्ड?"

ताई तेव्हा निवेदिका होती. सकाळी हवामान सांगायची, दुपारी आमच्यासाठी फुकट आवाज द्यायची. डॉक्टरीणबाई तेव्हा आरोग्य खात्याकडून संहिता तपासायला यायच्या. बाईंचं म्हणणं, लोकांना घाबरवल्याशिवाय लोक हलत नाहीत. अतिसाराच्या जाहिरातीत त्यांनी लिहून दिलं होतं, "दुर्लक्ष कराल तर तुमचं मूल दगावेल." ताईने ते वाचायला नकार दिला.

"वाक्य खरं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"असेल की," ताई म्हणाली. "पण मी कुणाच्या घरी गेले, त्यांचं मूल मांडीवर आहे, तर मी असं म्हणेन का?"

"मग काय म्हणाल तुम्ही?"

ताई म्हणाली, "बाळ झोपलंय ना? मग तेवढ्यात पाणी उकळून ठेवा."

बाई हसतायत. तेव्हा हसल्या नव्हत्या, पण लाल पेनाचं टोपण बंद केलं होतं त्यांनी. त्या दिवसापासून आमची भाषा ठरली. पुढे हेल्मेट आलं, मतदान आलं, तंबाखू आली, रेल्वेचं फाटक आलं. सगळं त्याच एका सुरात, शेजारीण कुंपणावरून बोलते तसं.

ती पाण्याची जाहिरात ताईच्याच स्वयंपाकघरात चित्रित झाली. आमच्या कॅमेरामनला वाफ छान दिसायला हवी होती. म्हणून आम्ही दिवसभर पातेल्यामागून पातेली पाणी उकळलं आणि कुणाला त्याला हात लावू दिला नाही. तहान लागली की सगळे नळाचं प्यायले. आठवड्याने जाहिरात लागली तेव्हा निम्मा विभाग आजारी रजेवर होता. डॉक्टरीणबाई प्रत्येकाच्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारत होत्या, "टीव्ही बघता की नाही तुम्ही?"

अहो, ते मोठं खोकं तिरकं धरू नका. त्याचा तळ ओला आहे. थँक यू.

तर, पुढे वाहिन्या वाढल्या. रिकाम्या जागेला भाव आला. साबणाने आमची संध्याकाळ घेतली, मग थंड पेयाने दुपार घेतली. लोकांच्या हातात रिमोट आला, आणि "एकदा जाऊन या" म्हणताच लोक दुसऱ्या वाहिनीवर जाऊ लागले. आता असे संदेश मोबाइलवर येतात. चांगले असतात, माझा आकस नाही. विभाग बंद झाला याचंही मला फारसं वाटत नाही. मग मी अशी अस्वस्थ का आहे? ताई मला मघापासून हाताने खुणावतेय, आवरतं घे म्हणत असावी. आवरते, पण एक गोष्ट सांगून.

टेपचं यंत्र सुरू केलं की लगेच वेग घेत नाही. म्हणून माणूस बोलण्याच्या थोडं आधी ते चालू करायचं, आणि बोलणं संपल्यावर थोडं चालू ठेवायचं. या पुढच्यामागच्या फालतू भागाला आम्ही शेपूट म्हणायचो. इतर विभागांत शेपटं कापून टाकायचे. आमचे संकलक, ज्यांना आपण सगळे कात्री म्हणतो आणि जे तिकडे खांबामागे लपून बसले आहेत, ते कधी कापायचे नाहीत. का, असं विचारलं तर म्हणायचे, "राहू दे गं. कुणाला टोचतंय?"

संगणकावर जे नेलं, ते नेमके तीस सेकंद. शेपटं नेली नाहीत. कशाला नेतील? त्यांत काही संदेश नाही.

ताईची वाचा गेली, त्याला बरीच वर्षं झाली. मोबाइलमध्ये माणसांचे आवाज भरून ठेवायची सवय आपल्याला लागायच्या आधीच गेली. सकाळी फुलांना पाणी घालताना पडली, आणि उठली ती शब्दांशिवाय. समजतं सगळं. हवं-नको हाताने सांगते. आणि घरात कुणी आवाज भरून ठेवला नव्हता. ज्या बाईचा आवाज रोज सगळ्या घरांत वाजतो, तो तिच्या स्वतःच्या घरात कोण कशाला जपून ठेवेल?

गेल्या आठवड्यात भाची माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "मावशी, आईचं काहीतरी ऐकव." मी संगणकावर एकामागून एक लावत गेले. लस, हेल्मेट, फाटक. तिने सगळं नीट ऐकलं. मग म्हणाली, "मावशी, ही सगळ्यांची आई बोलतेय. माझी कुठंय?"

मी म्हटलं, "अगं, आवाज तोच आहे."

"तेच तर," ती म्हणाली. "हल्ली मला आई आठवते ना, ती या आवाजातच आठवते. मला ती 'बाळाला वेळेवर लस द्या' म्हणून हाक मारत नव्हती गं."

अध्यक्ष महोदय, लसीच्या जाहिरातीतलं बाळ म्हणजे ही भाची. आम्हाला बाळ मिळेना, म्हणून मीच तिला उचलून आणली होती. त्या टेपच्या शेपटात काय आहे, ते मला माहीत आहे, कारण मी तिथे उभी होते. सुई टोचून झाली. ताईने आपलं वाक्य पूर्ण केलं. आणि यंत्र चालू असतानाच ती म्हणाली, "झालं हं माझ्या ठमे, झालं. मार त्या मावशीला. हिनेच आणलं तुला इथे." ठमी हे तिचं घरातलं नाव. आता चाळिशीच्या बाईला भर सभेत ठमी म्हटलं, म्हणून ती माझ्याकडे डोळे वटारतेय, पण वटारू दे.

ही टेप त्या खोक्यांत कुठेतरी आहे. कशात आहे, ते ठाऊक नाही. खोलीला ओल आली तेव्हा टेपांवरच्या नावांच्या पट्ट्या गळून पडल्या. कात्री शपथेवर सांगतात, की तिच्यावर दुसरं काही चित्रित झालेलं नाही. म्हणजे शोधायची तर सगळी खोकी लागणार.

तेव्हा मी अध्यक्षांना सगळ्यांसमोर विचारते. आधी तुमच्या खोलीत येऊन विचारायला हवं होतं, पण मला गाडीचं आज सकाळी कळलं आणि तुम्ही हारतुऱ्यांत होतात. खोकी मला द्याल?

काय म्हणालात? माइकवर बोला, मागे ऐकू जात नाही. "नियमात बसवावं लागेल." बसवा की. मोडीत निघालेली वस्तू निवृत्त होणाऱ्या माणसाला भेट म्हणून देता येते ना? जुन्या स्टुडिओतलं भिंतीवरचं घड्याळ तुम्ही आत्ता मला दिलंत, तेही मोडीतलंच आहे. त्याचा सेकंदकाटा मी चांगला ओळखते, आयुष्यभर त्याच्याशी भांडले आहे. हे घ्या ते परत. खोकी द्या.

अध्यक्ष म्हणतात, "न्या, बाई. घड्याळही न्या."

ऐकलंत ना तुम्ही दोघं? खाली ठेवा ते. "गाडीवाल्याला काय सांगू?" असं विचारताय? त्याला म्हणावं, लोखंडी मांडण्या ने, टेपा नाही. आणि त्यालाही वर चहाला बोलवा. डॉक्टरीणबाई, टाळ्या पुरे, हात दुखतील.

मला एक मिनिट पाणी पिऊ द्या. उकळलेलं आहे ना?

आता आभार. मला सांभाळून घेतलंत, माझं नोटीस बोर्डासारखं मराठी ऐकून घेतलंत, आज खुर्चीत चुळबुळ न करता बसलात, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, अध्यक्षांना अडचणीत टाकल्यासारखं झालं असेल, तर ते माझ्या घाईवर टाका, मनावर घेऊ नका. शाळेत नन सांगायच्या, की उठून जाण्याआधी आपल्या वस्तू ज्याच्या त्याला नीट देऊन जावं. तेवढं करते. कुणीतरी लक्षात ठेवा, कारण माझ्या डोक्याचा भरवसा नाही.

खोकी सगळी ताईच्या घरी जातील. पुढच्या खोलीत जागा आहे, ओल नाही. टेप वाजवायचं चालू स्थितीतलं यंत्र आता फक्त कात्रींकडे आहे. त्यांनी यंत्रासकट स्वतःला दर रविवारी तिथे पोहोचवायचं. जेवण मिळेल. एकेक टेप लावायची आणि शेपूट ऐकायचं.

ज्या टेपच्या शेवटी एक माणूस म्हणतो, "पण मग आपण पाणी कुठलं प्यायलो?" ती कॅमेरामनच्या बायकोला द्यायची. वहिनी आज आल्या आहेत, मागच्या रांगेत आहेत. तो प्रश्न कॅमेरामनचाच आहे, आणि माझ्या आठवणीत त्यांचं तेच एवढं वाक्य टेपवर आहे. एरवी ते कॅमेऱ्यामागे असायचे.

ज्यात ताई आणि डॉक्टरीणबाई 'दगावेल' या शब्दावरून भांडतायत, ती बाईंना. लाल पेनासकट ऐका.

ज्यात बाळ रडतंय आणि एक बाई त्याला ठमे म्हणतेय, ती भाचीची. ती सापडली की बाकीच्यांनी उठून बाहेर जायचं, आणि कात्रींनी यंत्र कसं मागे घ्यायचं ते तिला दाखवून जायचं. तिला ती पुन्हापुन्हा लागेल.

मला काही नको. घड्याळ आहे.

राहिली गॅसची टेप. ती अध्यक्षांना. जेवताना तुम्ही सांगितलंत, की तुमच्याकडे आजी उठायच्या.

काय गं, ठमे? काय म्हणतेय ती? भाची म्हणते, ताई आवरतं घे असं म्हणत नव्हतीच. ती मघापासून मनगट फिरवतेय, रोज झोपताना घरी फिरवते तसं. मागे चहाची शेगडी कुणी बंद केली आहे का? कुणीतरी उठा. एकदा जाऊन या.