गगनतारू उतरलं त्या दुपारी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि ‘गगनतारू’चा पहिल्या भागापासूनचा प्रत्येक शब्द ज्यांनी लिहिला ते आदरणीय हौशीराम सर, व्यासपीठावर शाल सावरत बसलेले आपले सत्कारमूर्ती इकबालभाई तांबोळी, मघापासून त्यांना ‘सरळ बसा’ असं खुणावणाऱ्या मेहरुनभाभी, लोणावळ्यातले मान्यवर नागरिक, सुदुंबऱ्याहून आणि पवनानगरहून गाड्या करून आलेले आमचे माजी परग्रहवासी, आणि बंधुभगिनींनो,

मी रतन ओव्हाळ, राहणार बेगडेवाडी. एकोणतीस वर्षं मी या मालिकेच्या नोंदी ठेवल्या. कप्तान इराच्या कपाळावरची जखम डावीकडे होती की उजवीकडे, हे कोणी विसरलं की मला विचारायचं. सरांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मला सांगायची आहे एकच गोष्ट, तीही इकबालभाईंना, आणि ती गेले आठ महिने सांगायची राहिली आहे. उद्या ते लेकीकडे, तमन्नाकडे, सोलापूरला कायमचे राहायला जाणार. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. पण एकदम सांगायची हिंमत होत नाही, म्हणून जरा लांबून येते. सांभाळून घ्या.

‘गगनतारू’ कुठे जन्मलं, हे तरुण मंडळींना खरं वाटणार नाही. सुदुंबऱ्यातल्या एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये. पहिली दोन वर्षं यानात कोंबड्यांचा वास यायचा आणि कलाकार नाकाला रुमाल लावून अंतराळात जायचे. तिथे इकबालभाईंनी प्लायवूडचं यान उभं केलं. त्याची बटणं मिक्सरची होती, खिडक्यांच्या कडांना प्रेशर कुकरच्या रिंगा होत्या आणि इंजिन म्हणजे पाण्याच्या दोन टाक्या. वैशाखात पवना धरणाचं पाणी उतरलं की उघडी पडणारी भेगाळलेली जमीन हा आमचा परग्रह. जीप चालवणारे केरबाभाऊ अकरा वर्षं परग्रहवासीयांचे राजे होते. दरवर्षी मला विचारायचे, “बाई, औंदा मी जिता हाय का मेलो? म्हंजी गाडीचं बुकिंग घ्यायला बरं.” ते समोरच बसलेत, आणि त्यांना हे आवडलेलं नाही असं दिसतंय.

या शेडचा एक नियम होता, आणि तो इकबालभाईंचा होता. पावसाळ्यात पत्र्यावर असा आवाज व्हायचा की चित्रीकरण अशक्य, म्हणून जून लागला की यान खोलून, झाकून ठेवायचं. पण वर्षाच्या शेवटच्या भागात यान कुठल्यातरी जमिनीला टेकल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. एका वर्षी दिग्दर्शकांनी घाई केली. यान कथेत अजून उडतच होतं. इकबालभाई पाना खिशात घालून दारात बसले. म्हणाले, “आत माणसं आहेत अजून. असं कसं खोलायचं?” दिग्दर्शक हसले, चिडले, आणि शेवटी यान उतरवूनच मोकळे झाले. ज्यांना हा वेडेपणा वाटतो त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. आम्ही सगळेच थोडे तसे होतो.

गेल्या वर्षी आपली कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. हा शब्द मी तोवर फक्त निधनाच्या बातम्यांत वाचला होता. मोठ्या कंपनीची स्वतःची अवकाशमालिका होती, परदेशात चित्रित केलेली, देखणी. एका घरात दोन यानं कशाला, असं ठरलं. आपल्या शेवटच्या पर्वाचे बारा भाग होते. दहा झाले होते. एकोणतीस वर्षांनी कप्तान इरा पृथ्वीकडे परत निघाली होती, चंद्राच्या अलीकडे आली होती. उरलेले दोन भाग करायचे नाहीत आणि झालेले दहा दाखवायचे नाहीत, असं पत्र आलं. तीन ओळींचं पत्र. ‘कप्तान घरी कधी येणार?’ असं विचारणारी पोरांची पत्रं माझ्याकडे दोन ट्रंका भरून आहेत. ती पोरं आता बाप्ये झाली. त्यांना मी काय उत्तर देऊ?

मालिका वाचवणं आमच्या कोणाच्याच हातात नव्हतं, हे मी मान्य केलं आहे. यानाचं तसं नाही.

विलीनीकरणात नव्या कंपनीने शेडमधल्या सगळ्या वस्तूंची यादी मागवली. यादी कोण करणार? अर्थात रतनबाई. मी चार दिवस बसून एकशे चौदा वस्तूंची यादी केली. माझी जुनी सवय अशी की वस्तू कशाची बनली आहे ते नेमकं लिहायचं, म्हणजे मोडली तर तशीच दुरुस्त करता येते. मी लिहिलं, ‘अठरा मिलिमीटर प्लायची खोली, दोनदा भिजलेली. मिक्सरची बटणं, चाळीस. पाण्याच्या टाक्या, दोन, चंदेरी रंग दिलेल्या.’ सगळं खरं. एक शब्द खोटा नाही. मला त्या यादीचा अभिमान वाटला होता हो.

पंधरा दिवसांनी शेड रिकामी करायचा हुकूम आला. सगळं भंगारात. मी मुंबईला फोन लावला. आकाश नावाचे तरुण साहेब होते, फार अदबीने बोलले. म्हणाले, “मॅडम, माझ्या लहानपणी माझ्या दप्तरावर गगनतारूचं चित्र होतं. जुन्या मालिकांच्या वस्तू जपायला आम्ही मोठं दालन करतोय. मी तुमच्या यादीत यान शोधलं. पण त्यात यान नाहीच. तुम्हीच प्लाय लिहिलंय.” मी म्हटलं, तेच यान आहे. ते म्हणाले, “आता सह्या झाल्या मॅडम.” मी यादी काढून पुन्हा पाहिली. एकशे चौदा वस्तू, आणि गगनतारू हा शब्द एकदाही नाही. एकोणतीस वर्षं मी इतक्या जवळून पाहत आले की माझ्या हातून यानच लिहायचं राहिलं.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इकबालभाई नेहमीसारखे लोणावळ्याहून लोकलने बेगडेवाडीला उतरले. केरबाभाऊंची जीप यायची होती. बाकावर बसून त्यांनी मला विचारलं, “रतन, भंगार कोणी लिहिलं असेल गं?”

मी म्हणाले, “मुंबईतलं कोणीतरी.”

ते म्हणाले, “त्यांनी बघितलं नसेल. बघितलं असतं तर लिहिलं नसतं.”

त्या दुपारी ट्रक दारात उभा होता. यान खोलायचं काम इकबालभाईंनाच दिलेलं. त्यांनी ट्रकवाल्याला चहा प्यायला पाठवलं आणि सरांना विचारलं, “शेवटचं पान आहे ना?” सरांच्या पिशवीत होतं. कॅमेरा नव्हता, इरा करणाऱ्या बाई नव्हत्या. इकबालभाई मला म्हणाले, “तू बस. तुला सगळं पाठ आहे.” मी कप्तानच्या खुर्चीत बसले. त्यांनी दांडा ओढला, दिवे हिरवे झाले, केरबाभाऊंनी बाहेरून यान हलवलं, आणि मी सरांचं वाक्य म्हटलं, “तारू पृथ्वीला टेकलं. दार उघडा, बाहेर हवा आहे.” इकबालभाईंनी दार उघडलं. केरबाभाऊंनी विचारलं, “बाई, आता मी बी उतरू का पृथ्वीवर?” मग इकबालभाईंनी खिशातून पाना काढला. हे उतरणं आम्हा चौघांशिवाय कोणी पाहिलं नाही, आणि पुढेही कोणी पाहणार नाही.

यानाचा घात जिने केला, तिलाच त्यांनी कप्तानच्या खुर्चीत बसवलं. आणि मी बसलेही.

माझी वेळ संपत आली आहे. संयोजकांचे, हे सभागृह दिल्याबद्दल लोणावळाकरांचे आणि ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे मी मनापासून आभार मानते. शेवटी प्रत्येक वक्ता चुकांबद्दल माफी मागतो आणि तेव्हा सगळ्यांचं लक्ष चहाकडे असतं. आज कृपा करून तिकडे पाहू नका. इकबालभाई, मुंबईतलं कोणी नव्हतं. यादी मी लिहिली होती, आणि बाकावर तुमच्याशी मी खोटं बोलले. आज मी एक पान आणलं आहे, त्यावर नोंद नव्याने केली आहे. वस्तू: गगनतारू. बनवणारा: इकबाल तांबोळी. स्थिती: पृथ्वीवर पोहोचलं. हे पान आता कुठल्याच यादीत जाणार नाही, तरी तुम्ही ते सोलापूरला घेऊन जा. मला माफ करायचं की नाही, ते तिथे गेल्यावर सावकाश ठरवा. मी खाली उतरते. टाळ्या मात्र कोणी वाजवू नका.