चार कोपरे

...नाही, आधी बसा. ती पिशवी ठेवा की खाली – छातीशी काय धरून बसलाय? – कोड्यात चूक सापडली ना? रविवारचं शब्दकोडं मीच करतो, आणि लोक घर शोधत येतात ते चूक दाखवायलाच. मागे एक निवृत्त मास्तर आले, उभ्या नऊवरून अर्धा तास भांडले आणि चहा पिऊन गेले. तुम्ही भांडायला आलेले दिसत नाही. बरं, हे टेबल बघा – याच टेबलावर मी चौकटी आखायचो आणि माझी लेक, सहा वर्षांची, काळी घरं शाईनं भरायची, नाकालासुद्धा शाई, म्हणून तिचं नाव ठिपकी. आमचा एक खेळ होता, कुणाला ठाऊक नाही – कोडं सुटलं की चार कोपऱ्यांतली चार अक्षरं जोडून वाचायची. तिथं तिच्यासाठी निरोप असायचा. वाढदिवसाला 'सायकल' – सा, य, क, ल.

मग? मग मोठी झाली, आणि एका छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याशी परस्पर लग्नाची नोंदणी करून आली. मी म्हटलं, चालती हो. रागात बोलतो हो माणूस – पण नाही, रागात नव्हतं, तिची बॅग मी स्वतः बाहेर ठेवली. तीन वर्षं झाली. आणि गंमत सांगू? दर आठवड्याला तिचं पोस्टकार्ड यायचं, उत्तर बिनचूक, पत्ता नाही. शिक्का असायचा की पोस्टाचा, गाव वाचता येत होतं, बसनं चार तास. गेलो नाही. बापानं का जावं? मी कोपऱ्यांत लिहीत राहिलो – 'चुकलीस'. पुढच्या रविवारी 'माफी माग'. सुंभ जळतो, पीळ जळत नाही, तसं. ती सगळं भरून पाठवायची, माफीचा एक शब्द नाही. शेवटी बापाचीच लेक.

एकदा मात्र खाली बारीक लिहिलं होतं – बाबा, मला बरं नाही. ... वाचलं ना. वाचलं. त्यानंतरचं कोडंही 'माफी माग'चंच होतं. म्हटलं आधी माफी, मग बाकीचं – तापबिप असेल, मला काय स्वप्न पडलं होतं? चार महिने मी असंच ताणून धरलं, तिचे पोस्टकार्डावरचे काने वाकडे होत गेले तरी. आणि मग गेल्या महिन्यात 'परत ये' घातलं. सोपं नाही ते – शेवटच्या कोपऱ्यात 'ये', आडवाही त्यावर संपला पाहिजे, उभाही. दोन दिवस लागले, आडवा 'रुपये', उभा 'पेये'. आणि त्या आठवड्यापासून पोस्टकार्ड बंद. म्हटलं, बघा, बाप वाकला तर हिला माज आला.

तुम्हाला मी दार उघडल्याबरोबर ओळखलं. बोटांच्या पेरांत अजून शाई आहे तुमच्या. तोंड उघडू नका – मी बोलतोय ना? काढा ते पिशवीतलं काय आहे ते. ... हं. तेच कोडं. कापून ठेवलंय. 'प' तिचा, कापतोय पण तिचाच. 'र' तिचा. 'त' – हो. आणि हा 'ये'? हा तिचा नाही. तिची मात्रा चौकटीबाहेर जायची, लहानपणापासून ओरडायचो मी. ही आत आहे, नीट, बेतशीर. तिनं सांगितलं आणि तुम्ही लिहिलंत. म्हणजे तिनं वाचलं होतं. म्हणजे माज नव्हता.

कुठल्या दिवशी गेली ते सांगू नका. मला शेवटी काय म्हणाली, तेही नको. माफी मागितली असेल तर ते मला आज ऐकवणार नाही. कागद इथं राहू दे. उठा तुम्ही, बस चुकेल तुमची. दार ओढून घ्या जाताना.