उजेड कमी पडला

दवाखान्याच्या रांगेत पुढे दोघी जावा बोलत होत्या. मागे उभ्या असलेल्या दिग्दर्शकानं धाकटीला ओळखलं आणि टोपी कपाळावर ओढली.

धाकटी सांगत होती, “ह्यांच्यासारख्या गटारात गुदमरून गेलेल्यांवर फिल्म काढतोय म्हणे. एकटाच राबतो, पदरचे पैसे घालतो.”

“मग तर नक्की काहीतरी काळंबेरं आहे! कागदावर सही घेतली?”

“घेतली. मग ह्यांचे बूट छातीशी धरायला लावले. मला रडूच फुटलं. तर म्हणतो, ताई, उजेड कमी पडला, पुन्हा एकदा रडा.”

“आणि तू रडलीस?”

“रडले. पण माणूस वाईट नाही हो जाऊबाई. माझ्याबरोबर तोही रडला.”

“एकदाच, की तुझ्यासारखा दोनदा?”

धाकटी आठवू लागली. टोपीखाली दिग्दर्शकही.