लाल ठिपक्यांची कालवं

माजं माहेर मालगुंडाचं, सासर हितं रत्नागिरीच्या खाडीवर. लग्न होऊन आले तवा सासूनं पहिल्यांदा काय दावलं तर खडक, हा आपला, पलीकडचा जावेचा, तिच्याला हात लावायचा न्हाय. सुकती लागली, पाणी वसरून खडक उघडा पडला की कोयती घेऊन जायचं, कालवं फोडायची, गर भांड्यात, शिंपी तितंच टाकायची. चाळीस वर्षं हेच, दुसरं काय सांगू तुमाला.

मंग तो जुमा आला, टांझानियाचा, इथल्या कॉलेजात बाहेरदेशीचा पहिलाच. त्याचे सर मला म्हणायचे, मावशी, हा नीट शिकून गेला तर आणखी देशांतली पोरं येतील, मोठ्या शहरांतल्या कॉलेजांपुढं आमचंपण नाव निघेल. हा कालवं किती वाढतात ते मोजायचा म्हणं. मी म्हटलं मोज बाबा, मोजून कुणाचं पोट भरलंय. पण मोजायला घेतलेल्या कालवांवर त्यानं लाल ठिपके दिले ते मला कोणी सांगितलंच न्हाय, आणि खडक नेमका माजा. मला वाटलं होडी रंगवताना रंग उडाला असंल. टपोरी कालवं व्हती, एका सुकतीत साफ केली.

दुसऱ्या दिवशी बघते तर जुमा डोकं धरून खडकावर, हातात ठिपक्याची शिंपी. सात महिन्यांचं मोजणं गेलं. मुदत एकच वर्ष वाढून मिळणार, त्यात झालं न्हाय तर रिकाम्या हातानं घरी. माज्या हातातली कोयती त्यानं बघितली. तरी सरांनी विचारलं तर म्हणाला, भरतीनं नेली. हे कळलं नि तशीच कॉलेजात गेले, जन्मात पहिल्यांदा, सरांपुढं उभी राह्यले नि म्हटलं, भरती न्हाय, मी फोडली.

खडक वर्षभर जुमाला दिला. मग मी जाऊ कुठं? जावेचं नि माजं कधी पटलं न्हाय, खरं सांगते, पण तीच म्हणाली, ये माज्या खडकावर, परक्या पोराचं वाटोळं नको. तिचे उपकार मी मरेस्तवर विसरायची न्हाय.

जुमा पास झाला. आता तिकडंच कॉलेजात शिकवतो, आणि इथं दोन नवीन पोरी आल्यात, त्यांना सर आधी माज्याकडं धाडतात. परवा जुमाचा फोन आला, मोडकंतोडकं मराठी बोलतो अजून. म्हणाला, मावशी, इथंपण बायका कालवं काढतात, विद्यार्थ्यांना घेऊन गेलो तर रंगाचा डबा खाली ठेवायला लावला, म्हटलं आधी त्या बायकांना विचारा, खडक कोणाचा. सुखी राहा रे लेकरा, म्हटलं, आणि त्या बायकांना माजा नमस्कार सांग.