जुन्या कॅसेटी, नवं मशीन

जुने गेम नव्या मशीनवर चालत नाहीत म्हणून तुम्ही आज ओरडताय. माझी वाट शाळेत असताना, सत्त्याऐंशी सालीच लागली होती.

आम्ही मुलुंडला राहायचो. मस्कतचा मामा व्हिडिओ गेमचं नवं मशीन आणतोय कळल्यावर मी जुनं मशीन शेजारच्या वंदनाला देऊन टाकलं. तिला मी खेळताना कायम शेवटची पाळी द्यायचो. गेमच्या कॅसेटी मात्र सगळ्या ठेवून घेतल्या, नव्यावर चालतील म्हणून.

मामा आला. एकही जुनी कॅसेट नव्या मशीनच्या खाचेत शिरेना. सोबत आलेला एकुलता एक गेम दोन दिवसांत संपला.

आई म्हणाली, "नवा कुकर घेताना मी जुने डबे दुकानात नेऊन बसवून बघितले होते. तू मामाला साधं विचारलंस तरी का?"

शेवटी कॅसेटींची पिशवी घेऊन वंदनाकडे गेलो. म्हटलं, "मशीन परत दे ना गं."

"देणार नाही. इथे बसून खेळ. पहिली पाळी माझी, मग माझ्या भावाची."

"आणि माझी?"

"मशीन ज्याचं, तोच पाळ्या ठरवतो. तूच सांगायचास ना रे?"