लिंबावरची स्की

२००६ची थंडी. अमेरिकेत ॲन आर्बरला माझ्या लेकीने, सुमनने, डोंगरावर न्यायला नवी स्कीची जोडी आणली. मी एक उचलून पाहिली आणि घाबरलोच. "सुमे, ही तर फुंकरीने उडेल. तुला काय सांभाळणार?"

"बाबा, हलकी आहे, पण बर्फ सोडत नाही."

मला पटेना. आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडतो, तसं मी गॅरेजमध्ये दोन्ही स्कींखाली लिंबं ठेवली आणि वर उभा राहिलो. लिंबं घरंगळली, मी आडवा.

रविवारी डोंगरावरून तिचा फोन आला. "बाबा, मऊ बर्फात तरंगते, कडक बर्फात वळणावर घट्ट धरते. एकदाही पडले नाही!"

कमरेला शेकाची पिशवी धरून मी म्हणालो, "कशी पडशील? तुझ्या वाटचं मी आधीच पडून घेतलंय."