आत्यासकट

नाही, पण मला एक सांगा, माणूस मेलं म्हणजे ते गेलंच, हे ठरवलं कोणी? डॉक्टरांनी नाही हं! डॉक्टर नुसते 'सॉरी' म्हणाले आणि हात धुवायला गेले. हे ठरवलंय तिकडच्या, परदेशातल्या भाषेने! तुम्हाला सांगतो, मी भाषांतरकार, तोही शिक्क्याचा. म्हणजे कागदाखाली माझा शिक्का पडला की तिकडच्या भाषेत जे लिहिलंय ते इकडच्याइतकंच खरं, असं दोन्हीकडच्या कचेऱ्या मानतात. सगळा जन्म पाण्याच्या पंपांची माहितीपत्रकं आणि खोकल्याच्या औषधांच्या सूचना इकडून तिकडे करण्यात गेला. 'बाटली हलवून घ्यावी.' बरं, बाटली कधी उलटून बोलली नाही. आणि आता या वयात हे घराचं लचांड माझ्या गळ्यात...

घर आमचंच. अर्धं माझं, अर्धं चुलतभावाचं. हा माझ्याहून मोठा, तरुणपणीच तिकडे जाऊन स्थायिक झालेला. त्याला आम्ही सिंपलदादा म्हणतो, कारण त्याला जगात काहीच अवघड वाटत नाही. फोनवर ओरडतो, 'अरे, सिंपल आहे रे! घर विकून टाकू. घेणारा गृहस्थ माझ्या ओळखीचा आहे, इकडचाच, त्याला तिकडे येऊन राहायचंय. तू फक्त कागद इकडच्या भाषेत करून दे. घरचा भाषांतरकार असताना बाहेर कशाला जायचं?' घरचा! म्हणजे फुकटचा, हे तुमच्या लक्षात आलं ना?

विकायचं मलाही होतं, खोटं कशाला बोलू. बायकोचे गुडघे गेलेत. आमचा जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडी, ती बिचारी एकेका पायरीवर बसत बसत उतरते. एक फ्लॅट बघायला गेलो, तर ही लिफ्टमध्ये शिरली आणि वर-खाली, वर-खाली, बाहेर यायचं नावच घेईना! शेवटी दार उघडलं आणि म्हणाली, 'हे घ्या.' फ्लॅट तिने पाहिलाच नाही. पण जुनं घर विकल्याशिवाय तो घेणार कशावर?

तर बसलो कागद घेऊन. पहिलाच शब्द, 'वडिलोपार्जित'. आपल्याकडे किती सरळ काम! वडिलांनी मिळवलेलं. मिळवलं, बास. पुढे वडिलांचं काय झालं, ते आहेत का गेले, या भानगडीत आपला शब्द पडतच नाही. आणि तिकडे? तिकडे कचेरीला चालेल असा एकच शब्द, आणि त्याचा अर्थ काय, तर 'मेलेल्यांनी मागे सोडून दिलेलं'! म्हणजे आधी कोणीतरी मरायला पाहिजे, मग त्याने ते सोडायला पाहिजे, तेव्हा कुठे ते तुमचं. आता ह्याला शब्द काय द्यायचा, तुम्हीच सांगा! दिला तोच. म्हटलं, कचेरीला चालतो ना, मग आपल्या बापाचं काय जातं...

गेलं हो! बापाच्या बहिणीचं गेलं!

त्याचं असं झालं, आमच्या धंद्यात एक रीत आहे. केलेलं भाषांतर परत उलटं करायचं, तिकडचं इकडे, आणि मोठ्याने वाचायचं. डोळा चूक पोटात घालतो, कान नाही घालत. आणि मोठ्याने वाचायला आमच्या घरात शांत जागा एकच, मागची खोली. आत्याची खोली.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. याच घरात जन्मली, याच घरात म्हातारी झाली, दुसऱ्या छपराखाली एक रात्र काढली नाही तिने. आई माझी सतत आजारी, त्यामुळे मला वाढवलं आत्यानेच. पहिलं अक्षरही तिच्याकडून आणि पहिला मारही. रागावली की बोलायची नाही. कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपायची, आणि ती लोखंडी कॉट अशी करकरायची की खालच्या दुकानदाराला कळावं, आज वर काहीतरी बिनसलंय. गेल्या वर्षी गेली. बघा, मीसुद्धा 'गेली'च म्हणतो!

तर भर दुपारची वेळ. खिडकी लावलेली. कॉट मोकळी, चादर ताणून घातलेली. मी आपला खुर्चीत बसून वाचतोय, 'मागील खोली, जी मयत आत्याने मागे सोडून दिलेली आहे...'

करर्र्र.

थांबलो. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. परत वाचलं, अगदी हळू, 'जी आत्याने... सोडून...' करर्र्र! आणि तुम्हाला सांगतो, त्या ताणलेल्या चादरीवर, भिंतीच्या बाजूला, खळगा पडला. कुशीवर निजलेल्या माणसाएवढा. कागद कुठे, चष्मा कुठे, मी कुठे!

बाहेर धावलो तर समोर बायको, हातात केरसुणी. म्हटलं, 'आत्या आहे!' म्हणाली, 'आहेत. मग?' मग? मग म्हणजे काय? 'मी रोज केर काढताना सांगते, आत्याबाई, पाय वर घ्या. घेतात.' अहो, माझी बायको! माझ्या घरात! एवढे महिने! म्हटलं, 'मला सांगायचं नाही?' तर म्हणते कशी, 'तुम्ही घरात असता कुठे? तुम्ही पंपात असता.'

मग मी शब्द बदलत बसलो. रोज दुपारी. 'वापरात नसलेली खोली', करर्र्र. 'पूर्वी आत्याची असलेली', करर्र्र. म्हटलं, बाई, तुला नेमकं हवंय तरी काय? चिडलोच मी. खोडलं सगळं आणि लिहिलं, 'रिकामी खोली'. वाचलं. आणि... काहीच नाही. कॉट गप्प. मी म्हटलं, सुटलो! आणि मग हळूच कोणीतरी उशीत तोंड खुपसून... तुम्ही हसाल, हसा, पण मी ऐकलंय. आत्याला जिवंतपणी मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. तो शब्द मी असा खोडला की कागद फाटला.

वकीलबाईंकडे गेलो. त्या एकाच वेळी चहा पितात, सही करतात आणि बोलतात. 'हरकत कोणाची आहे?' म्हटलं, आत्याची. 'हयात आहेत?' नाहीत. 'बरं. मग त्यांना म्हणावं, हरकत लेखी द्या.' आता ह्याला शब्द काय द्यायचा, तुम्हीच सांगा!

तिकडे दादा रोज फोनवर. 'अरे, घेणारा थांबणार नाही रे! दुसरं घर बघतोय तो! एका खोलीचं एवढं काय, सिंपल आहे!' आणि इकडे बायको जिन्यात अडकली. अर्ध्या जिन्यात बसली ती बसलीच, वर येववेना की खाली उतरवेना. मी धावलो तर हसते आणि म्हणते, 'भाजी आणून द्या इथेच, निवडत बसते.' तोंड हसत होतं. डोळे नव्हते हसत. मला एवढं वाईट वाटलं म्हणून सांगू... एकीकडे जिवंत बायको जिन्यात, एकीकडे मेलेली आत्या कॉटवर, आणि मधे मी, शब्द शोधतोय!

त्या दुपारी कॉटजवळ खुर्ची ओढली आणि सरळ विचारलं, 'आत्या, काय लिहू?' मग जे होतं ते लिहिलं. तुम्हाला सांगतो, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी शब्दाला शब्द शोधला नाही, समोर बघितलं आणि लिहिलं. 'मागील खोली. ताबा आत्याचा. आत्या मयत आहेत. राहणे चालू आहे.' उलटं करून वाचलं. मोठ्याने. कॉट वाजली, पण हलकेच, आणि तो खळगा भिंतीकडून अलीकडे सरकला. माझ्याकडे तोंड केलं हो तिने! मी शिक्का मारला आणि रडलो. रडतात, भाषांतरकारही रडतात.

दादाचा फोन आलाच. नुसता फोन नाही, स्फोट! 'आत्या? कागदात आत्या घातलीस? सरकारी कागद आहे रे तो, घरातला फोटो नाही! गेला, घेणारा गेला समज!'

आणि पाठोपाठ घेणाऱ्याचा फोन. मी उभा राहिलो, भीतीने. गृहस्थ अगदी सावकाश बोलणारे, तिकडच्या भाषेत. म्हणाले, 'कागद वाचला. त्या खोलीत ऊन येतं का?' म्हटलं, येतं, सकाळचं. 'खोलीत दुसरं कोणी बसलेलं त्यांना चालतं का?' म्हटलं, चालतं, फक्त खोटं बोललेलं चालत नाही. मग म्हणाले, 'माझी बायको वारली, तेव्हा मी घराची सगळी दारं उघडी टाकून बसलो होतो. कोणी आलं नाही. आमच्याकडे माणसं सोडून जातात. आमचा शब्दच तसा आहे. मला रिकामं घर नको. हे चालेल.'

व्यवहार झाला. निघताना खोलीत जाऊन म्हटलं, 'आत्या, माणूस चांगला आहे, तुला जपेल.' कॉट हूं की चूं नाही. कॉट तिथेच ठेवली, किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या, आणि मान न वळवता निघालो.

नव्या घरी पोचलो. लिफ्ट सहाजणांची. आत मी आणि बायको, दोघंच. दार लागलं आणि घंटा वाजायला लागली, 'वजन जास्त! वजन जास्त!' मी बायकोकडे बघतो, बायको समोर बघते. आणि वळूनही न पाहता म्हणाली, 'आत्याबाई, जरा मागे सरका.' घंटा बंद! लिफ्ट वर! मी मात्र घामाने चिंब. तेव्हापासून दुपारी लिफ्ट आपली आपण वर जाते, दार उघडतं, खाली येते, दार उघडतं. सोसायटीचे सेक्रेटरी दारात येऊन बोलतात, 'तुम्ही राहायला आल्यापासून हे सुरू झालंय!' काय सांगू त्यांना? हौस आहे म्हातारीला?

आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला ते घर नको होतं, खोलीही नको होती. आम्ही शोधत बसलो ताबा कोणाचा, जागा कोणाची... तिचं म्हणणं एवढंच, मी तुम्हाला सोडून गेले असं लिहू नका.

पण तिकडे घेणाऱ्यांचं काय? आला फोन. 'कागदावर आत्या आहेत. शिक्का तुमचा आहे. खोलीत मात्र कोणी नाही.' भांडले असते तर बरं झालं असतं! नाही भांडले. म्हणाले, 'मी रोज खुर्ची टाकून बसतो. माझं काही चुकलं का?' बायको म्हणाली, 'कळवा, माल वाटेत गहाळ झाला.' कसं कळवू? शिक्का मारलाय मी!

मग हॉलमध्ये बसून आत्याला समजावलं. तासभर. बायकोला वाटलं मी फोनवर आहे. आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा केली, जुन्या घरी नेलं, खोलीत सोडलं. ते गृहस्थ फाटकात उभे, दाढी करून, धुतलेला शर्ट. दोन दिवस राहिली, मग आणलं. आता सारखं चालूच आहे. इकडून निघाली की मला घर खायला उठतं, तिकडून निघाली की ते फाटकापर्यंत येतात. आणि परत आल्यावर लिफ्टची घंटा पहिल्यापेक्षा जास्त ओरडते, म्हणजे पाहुणचार होतोय चांगला!

झालं? नाही झालं. वकीलबाई म्हणतात, 'कागदावर त्यांचा ताबा तिथला आणि राहतात इथे. दुरुस्ती करावी लागेल. या जाण्यायेण्याला काहीतरी शब्द द्या.' मी तीन शब्दकोश पालथे घातले. भेट? मुक्काम? फेरी? आणि दादाचा फोन. रडकुंडीला येऊन सांगितलं त्याला सगळं. तर म्हणतो, 'अरे, सिंपल आहे रे! आत्या माहेरी जाते.'

तो तिकडे नाक ओढतोय, मला इकडे ऐकू येतंय. अहो, जी बाई जन्मात कुठे गेलीच नाही, तिला परत यायला माहेर कुठून असणार? ते तिला मेल्यावर मिळालं, तेही घर विकल्यावर, आणि सांगितलं कोणी, तर विकणाऱ्याने! उभ्या आयुष्यात एकदाच बरोबर बोलला दादा. मी लिहिला तो शब्द. शिक्का मारला. जीव कसा निवला!

आणि आज सकाळी त्या गृहस्थांचा फोन. 'कागद मिळाला. हा एक शब्द तुम्ही तुमच्याच भाषेत ठेवलाय. ऐकायला फार छान आहे. याचा अर्थ काय?' म्हटलं, वडिलांचं घर. तर म्हणतात, 'पण घर माझं आहे.' म्हटलं, मग तुम्ही वडील. ते म्हणाले, 'मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान आहे.' म्हटलं, तसं नाही हो, जिथून निघताना पाय जड होतो आणि पोचल्यावर... पोचल्यावर... आणि अडकलो! आता ह्याला शब्द काय द्यायचा, तुम्हीच... जाऊ दे. तुम्ही तरी कुठून सांगणार.